पहिल्या क्विल्टसाठी रेल फेन्स: थंडी ते पावसाळा वापरून काय वाटलं

पहिली क्विल्ट करायची म्हटलं की बहुतेक जणी नाइन पॅच (नऊ छोटे चौकोन जोडून एक मोठा चौकोन) सुचवतात. मला ते पटत नाही. मी रेल फेन्स, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांचा पॅटर्न, निवडला. ती क्विल्ट थंडीत पांघरली, उन्हाळ्यात खाली अंथरली, आणि आता पावसात वाळवायची कसरत चालू आहे. नवशिक्या बाईला (किंवा बुवाला) मी अजूनही हाच पॅटर्न सांगेन.

यात करायचं असतं इतकंच: तीन रंगांच्या अडीच इंची पट्ट्या कापायच्या आणि पाव इंच माया (शिवणीबाहेरची कड) ठेवून त्या एकमेकींना जोडायच्या. साडेसहा इंच रुंद पट्टा तयार होतो, त्याचे तेवढ्याच मापाचे चौकोन कापायचे. मांडताना एक चौकोन उभा, पुढचा आडवा. पायऱ्यापायऱ्यांची नागमोडी आपोआप उमटते. मात्र सगळ्यात गडद रंग कडेच्या पट्टीला हवा. तो मधे घेतला तर पायऱ्या दिसत नाहीत, चटईची वीण दिसते. तेही वाईट नाही म्हणा.

सोपेपणाचं खरं कारण सांगते. ४८ बाय ६० इंचाच्या क्विल्टला ८० चौकोन लागतात, कारण साडेसहाचा चौकोन जोडल्यावर सहा इंची भरतो. नाइन पॅचमध्ये प्रत्येक चौकोनाच्या पोटात चार ठिकाणी शिवणीवर शिवण यावी लागते, म्हणजे ३२० जागी टाचण्या लावून नेम धरायचा. रेल फेन्समध्ये चौकोनाच्या आत जुळवायचं काहीच नाही. फक्त चार चौकोन जिथे भेटतात ते कोपरे सांभाळायचे. त्यातून माया थोडी जास्त गेली आणि पट्टा सव्वासहाच भरला, तर चौकोनही सव्वासहाचे कापा. सगळे पट्टे सारखे असले की झालं. एवढी सूट दुसऱ्या पॅटर्नमध्ये क्वचितच मिळते. लॉग केबिनमध्ये (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या फेऱ्या) दोरभर चूक प्रत्येक फेरीत वाढत जाते आणि त्रिकोणांच्या पॅटर्नमध्ये तिरपी कापलेली कड हाताखाली ताणते.

कापड साधं सुती पॉपलीन, पन्ना (रुंदी) ४४ इंची. एका पट्ट्यातून सहा चौकोन निघतात, म्हणून १४ पट्टे. एकेका रंगाला ३५ इंच कापड पुरतं, पण सुती कापड आटतं, तेव्हा सव्वा मीटर घ्या आणि कापायच्या आधी धुऊन घ्या. लाल रंग तर वेगळाच धुवायचा, पाणी निवळ येईपर्यंत. मोठ्या फुलांचं कापड इथे वाया जातं: दोन इंचात अर्धी पाकळी नि देठाचा तुकडा, एवढंच दिसतं.

आता वापराविषयी. इतक्या धुण्यांनंतरही एकही शिवण उसवलेली नाही. माया उकलून न दाबता गडद कापडाच्या बाजूला इस्त्री केली होती, त्याचा फायदा दिसतो. आत जुनी सुती चादर आणि वरून गोधडीसारखाच हाताने धावदोरा. ओळींत चार बोटांचं अंतर ठेवलं तरी चादर सरकत नाही, गोळा होत नाही. एवढं धूड घरच्या मशीनखाली ढकलण्यापेक्षा हात बरा. गडद पट्टीच्या कडेने टाके घालत गेलं की आखणीही करावी लागत नाही.

झिजला तो कडेचा गोट, आणि तोही हनुवटीपाशी ओढली जाते त्या एकाच बाजूचा. तिथे दुहेरी घडीचा गोट लावायला हवा. फिक्या पट्ट्या लवकर मळतात. पावसाळ्यात ही ओली झाली की पंख्याखालीसुद्धा दोन दिवस दमट राहते. पण तो दोष आतल्या चादरीचा, पॅटर्नचा नाही.

पॅटर्नबद्दल एकच तक्रार: शिवताना कंटाळा येतो. अर्ध्यावर आल्यावर तीच पट्टी, तेच कापणं. एखादी पट्टी जुन्या खणाची किंवा इरकलीच्या काठाची घेतली तर जीव रमतो, फक्त काठ जाड असेल तर सुई बदलून घ्या.

चौदा पट्ट्यांतून ८४ चौकोन निघतात. ८० सोडून उरलेले चार आधी जोडून बघा, एक फूट बाय एक फुटाचा नमुना होतो आणि रंग पटतात की नाही ते तिथेच कळतं. आणि माप ठरवताना पांघरणाऱ्याची उंची बघा. साठ इंच मुलाला भरपूर, मोठ्या माणसाचे पाय बाहेर. मोठ्यासाठी ६० बाय ७८ करा: १३० चौकोन, २२ पट्टे, प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर कापड.