ब्रेस्ट सर्जरीनंतर हाताच्या सुजेसाठी नर्सचा क्लास : जा, पण सूज यायची वाट बघू नका

माझ्या ट्रीटमेंट सेंटरमध्ये लिम्फेडेमावाल्या (म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर येणारी हाताची सूज बघणाऱ्या) नर्स सिस्टर पेशंट बायकांचा छोट्या ग्रुपचा क्लास घेतात, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी चांगलं सांगते. डिस्चार्जच्या वेळी आपल्याला काय सांगतात, तर हाताची काळजी घ्या, जड उचलू नका, संपलं. इथे सिस्टरनी पहिल्यांदा नीट समजावलं की काखेतल्या लिम्फ नोड (लिम्फ गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की लिम्फ, म्हणजे शरीरातलं प्रोटीन असलेलं पाणी, वाहून जायचे रस्ते कमी होतात आणि ते पाणी हातात साचत जातं, म्हणून लघवी जास्त व्हायच्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. काखेतल्या बऱ्याचशा नोड काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो, फक्त सेंटिनल नोड (कॅन्सरच्या जागेकडून लिम्फ सगळ्यात आधी पोचते त्या एक-दोन नोड) काढून तपासल्या असतील तर धोका बराच कमी, वीसात एखादीला. आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनीच नाही तर काही वर्षांनी पण सुरू होऊ शकतो, त्यामुळे आता झालं गेलं म्हणून निर्धास्त व्हायची सोय नाही.

पण हे सगळं वाचून पण कळलं असतं हो. क्लासची खरी किंमत आहे ती हातात टेप देतात तिथे. मनगटापासून ठराविक अंतरावर खुणा करायच्या, दोन्ही हात मोजायचे, दरवेळी त्याच जागी आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, टेप ओढायची नाही, आणि आकडे लिहून ठेवायचे. दोन हातात 2 सेंटीमीटरचा फरक दिसला की दाखवायला यायचं, पण फरक दिसत नसला तरी हात जड वाटणं, अंगठी किंवा बाही घट्ट होणं हे पण सांगायचं, कारण सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

साचलेलं पाणी पुढे सरकवायच्या मसाजचं तर व्हिडिओ बघून जमेल असं कोणी समजू नका. आपण मसाज म्हटलं की दाबायला लागतो, इथे दाबायचंच नाही, कातडी फक्त हलकेच सरकवायची, आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही तर मानेपासून आणि चांगल्या बाजूच्या काखेपासून. का तर पुढचा रस्ता मोकळा केल्याशिवाय मागचं पाणी ढकलून ते जाणार कुठे? सिस्टर स्वतःचा हात पुढे करतात आणि आपल्याला करायला लावतात, जोर जास्त झाला की लगेच टोकतात. एका ताईंना तर सारखं टोकत होत्या, पण शेवटी जमलं त्यांना.

स्लीव्हबद्दल (सूज दाबून ठेवायला हातावर चढवायची घट्ट इलॅस्टिकची बाही) कामाच्या गोष्टी: रबरी ग्लोव्हज घालून चढवली की सरकते, वरची कड दुमडायची नाही कारण तिथे आवळतं, रात्री वेगळं सांगितलं नसेल तर काढायची, दोन असाव्यात म्हणजे एक धुता येते, आणि साधारण सहा महिन्यांनी तिचा ताण जातो तेव्हा बदलायची. पंजा सुजायला लागला तर ग्लोव्ह पण लागतो. माप तज्ञाकडूनच घ्यायचं, अंदाजाने मागवू नका.

मला सगळ्यात आवडलं म्हणजे सिस्टर उगाच घाबरवत नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला बीपी किंवा सुई चालते का असं विचारल्यावर म्हणाल्या, त्याने लिम्फेडेमा होतो याचा पुरावा कच्चा आहे, दुसरा हात असेल तर तो द्या, नाहीच जमलं तर रात्रभर जागू नका. वजन उचलण्याचं पण तसंच, 2009 मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी वेळा उफाळला. फक्त एकदम नको, शिकूनच. एका गोष्टीवर मात्र अजिबात सूट नाही: हात लाल, गरम, ताप किंवा थंडी, की त्याच दिवशी डॉक्टर, बहुतेक अँटिबायोटिक लागतंच, आणि तोवर मसाज बंद. अचानक खूप सूज किंवा दुखणं आलं तरी तसंच, कारण रक्ताची गुठळी नाही ना ते बघावं लागतं.

आता तो कापलेला स्टार. बहुतेकींना इथे पाठवतात ते सूज आल्यावर! अहो, ऑपरेशनच्या आधीचं दोन्ही हातांचं माप नसेल तर फरक ऑपरेशनचा की मुळातच एक हात जाडसर, हे ठरवायचं कसं? हे सिस्टर स्वतःच बोलतात, पाठवणारे ऐकतील तेव्हा खरं. शिवाय सुजलेल्या हातावर गुंडाळायच्या बँडेजचा भाग घाईत उरकतात, ते एका हाताने स्वतःला गुंडाळणं म्हणजे कसरत आहे आणि तरीही घरच्या माणसाला आत घेत नाहीत. आणि मनाचं कोणी विचारतच नाही, कपडे कुठले बसतात, लोक हाताकडे बघून काय विचारतात, हे आम्ही बायका बाहेर बाकावर बसून एकमेकींना सांगतो.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आत्ताच विचारा की हा क्लास आधी करता येईल का, नाही म्हणाले तरी दोन्ही हातांची मापं तेवढी घ्यायला लावा आणि त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा.