देवनागरी छापलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड : नोव्हेंबरच्या कादंबरीची तयारी आणि मेलेली ‘डी’ की

बॉक्स, केबलची लांबी, वजन वगैरे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. यूएसबी वायरचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं छापलेला साधा कीबोर्ड आहे, बाराशेच्या आसपास पडला. जूनमध्ये घेतला आणि तेव्हापासून रोज वापरतोय. आज लिहायचं कारण असं की सप्टेंबरात याची ‘डी’ की गेली. इंग्रजीवाल्यांना वाटेल एक की गेली तर काय एवढं, पण इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्ड-मांडणीत, ‘डी’ म्हणजे हलन्त, म्हणजे पाय मोडायची की, आणि ती गेली की मराठीतलं जवळपास प्रत्येक जोडाक्षर जातं.

आधी कशासाठी घेतला ते सांगतो. आम्ही चार-पाच जण नोव्हेंबरात महिनाभरात कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करायचा ठरवलंय, ते नॅनोरायमो म्हणतात तसं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बॅटी आणि मंडळींनी, एकूण २१ जणांनी, जुलैत हे सुरू केलं, पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर ठरला. तीस दिवसांत ५०,००० शब्द, रोजचे १,६६७. हे चालवणारी संस्था यंदा, म्हणजे २०२५ साली, ३१ मार्चला बंद होत असल्याचं जाहीर झालं, त्यामुळे साइटवर शब्द भरून बिल्ला मिळवायची सोय संपली. पण महिना काय कुणाच्या मालकीचा नाही. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक एक्सेलची शीट यावर करतोय. यंदा दिवाळीही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात उरकतेय, फराळ आणि पाहुणे सगळं आधी आटोपेल, नोव्हेंबर मोकळा. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनच ८ नोव्हेंबरला येतंय, म्हणून माझ्या मते जमवायचं तर हेच वर्ष.

आकडा आम्ही ४०,००० धरलाय आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून लिहितात, ‘झाडाखालच्यांसाठी’ हा एक्सेलच्या दृष्टीने एकच शब्द, त्यामुळे मराठीत पन्नास हजार भरायला मजकूर खूपच जास्त लागतो. ४०,००० म्हणजे रोजचे १,३३३. सरकारी टायपिंगच्या मराठीच्या पहिल्या परीक्षेचा वेग मिनिटाला ३० शब्द असतो, त्या वेगाने नुसतं बडवलं तरी पाऊण तास, आणि विचार करत लिहिणाऱ्याला दोन तास धरा. नोकरी सांभाळून दोन तास बसायचं तर बोटं अडून चालत नाही, हाच माझा सगळा हिशोब होता.

मग फोनवर का नाही, लिप्यंतर (इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणं) का नाही, असं ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं. पहिले दोन आठवडे मीही हेच म्हणत होतो, कारण इनस्क्रिप्ट शिकताना जीव जातो. डाव्या हाताला मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, लॉजिक सुंदर आहे पण बोटांना ते कळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात फोनवर दोन पानं झाली असती. माझं मत बदललं ते संवादांमुळे.

माझी कादंबरी १९७२ च्या दुष्काळाची आहे. आईचं माहेर माण तालुक्यातलं, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला आज्जीबरोबर जायची. सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं) मिळायची ती कशात घेऊन यायची, मुकादम हजेरी कशी घ्यायचा, पाझर तलावाच्या कामावर पाणी कोण वाटायचं, हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, तासन् तास. नियमाप्रमाणे कादंबरीचा मजकूर १ नोव्हेंबरच्या आधी लिहायचा नाही, पण टिपणं, आराखडा, माहिती गोळा करणं चालतं, ऑक्टोबरला तिकडचे लोक तयारीचा महिनाच म्हणतात. म्हणून मी जूनपासून या कीबोर्डवर आईची रेकॉर्डिंगं उतरवून काढतोय, सरावही होतो आणि मालही तयार होतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, त्यामुळे ७२ च्या प्रसंगात पात्रांच्या तोंडी तो येता कामा नये, अशा गोष्टीही याच टिपणांत तपासून ठेवल्या.

आता आई बोलते ती ‘व्हतं’, ‘म्हनला’, ‘न्हाय’ अशी. फोनवर ‘व्हतं’ टाइप करा, तो ‘होतं’ पुढे करतो. ‘न्हाय’ चं ‘नाही’. प्रत्येक ओळीत तीन-तीन वेळा मागे जाऊन दुरुस्त करायचं आणि चौथ्यांदा आपणच थकून ‘होतं’ ठेवतो, आणि तिथे आईचा आवाज गेला. बोलून टाइप करायचा पर्याय फोनमध्ये आहे, तोही मी बरेच दिवस वापरून पाहिला, प्रमाण मराठीला ठीक चालतो पण आईची वाक्यं त्याने पार इस्त्री करून टाकली. इनस्क्रिप्टमध्ये असलं काही होत नाही. बी, डी, यू, एल, एक्स दाबलं की व्हतं. जे दाबलं तेच उमटतं, कुणी सुचवत नाही, कुणी सुधारत नाही. हे जेव्हा पहिल्यांदा सलग एक पान झालं ना, तेव्हा मला खरंच भरून आलं, कारण माझी आई बोलते तशी मी कागदावर याआधी कधी पाहिलेली नव्हती.

म्हणून ‘डी’ की गेली तेव्हा एवढा संताप झाला. ‘व्हतं’ चं ‘वहतं’, ‘म्हनला’ चं ‘महनला’. ‘त्याच्या घराच्या दुसऱ्या खोलीत’ या चार शब्दांत हलन्त चार वेळा लागतो, मोजून बघा. वरच्या आकड्यांच्या रांगेत शिफ्ट दाबून त्र, क्ष, ज्ञ, श्र मिळतात, रफार आणि रकारही मिळतो, तेवढं वाचलं, पण च्या, ल्या, न्ह, म्ह, स्त सगळे गेले. कंपनीने असा कीबोर्ड मराठीसाठी म्हणून विकताना या एका कीचं स्विच सगळ्यात दणकट द्यायला हवं, कारण स्पेसबार आणि काना सोडला तर मी सगळ्यात जास्त तीच बडवतो. अक्षरांचा छापसुद्धा आधी तिथलाच पुसट झाला, ऑगस्टपर्यंत हलन्ताची खूण दिसेनाशी झाली होती.

वॉरंटी एक वर्षाची. सर्व्हिसला फोन केला तर उत्तर असं, की आम्ही मराठी सॉफ्टवेअरला सपोर्ट देत नाही, तुमच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बघा. अहो, सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही, इंग्रजीतसुद्धा ‘डी’ उमटत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं तिथेही तेच. व्हिडिओ पाठवला. मग म्हणाले कुरियर तुमच्या खर्चाने पाठवा, तपासून सांगू, तीन आठवडे. बाराशेच्या वस्तूला जायचं-यायचं कुरियर मी का भरायचं? आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरांत मराठी लिहून विकायचं आणि तक्रार आली की मराठी आमचं काम नाही म्हणायचं, हे मला पैशापेक्षा जास्त लागलं. शेवटी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, बिल आणि व्हिडिओसह तक्रार नोंदवली. त्यानंतर भाषा एकदम बदलली, घरून नेण्याची सोय झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवा नग आला. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल उडून जातं.

मधल्या काळात ऑन-स्क्रीन कीबोर्डवर माऊसने हलन्त दाबून पाहिला, त्याने वेगाचा पार चुथडा होतो. कामाला आलं ते मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पॉवरटॉइज. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे, एका कीचं काम दुसरीला देता येतं. मी कॅप्स लॉकला ‘डी’ करून टाकलं. मराठीत कॅप्स लॉकचा मला काडीचा उपयोग नाही, आणि तो करंगळीखालीच येतो. दोन-तीन दिवस बोट जुन्या जागी जात होतं, मग बसलं. आता गंमत अशी की नवा नग आल्यावरही मी ते तसंच ठेवलंय, हलन्त दोन ठिकाणी. लागोपाठ जोडाक्षरं आली की करंगळी आणि मधलं बोट आलटून पालटून जातात, ‘स्वातंत्र्य’ सारखा शब्द सरसर निघतो. त्यामुळे पहिल्यांदा एक स्टार देणार होतो तो आता तीन करतोय. बांधणी कमकुवत, सर्व्हिस वाईट, पण छापलेली अक्षरं समोर असल्यामुळे मी इनस्क्रिप्ट शिकलो हे खरं आहे, स्टिकर लावलेल्या कीबोर्डवर आधी जमलं नव्हतं, ते कोपरे उचलून बोटाला लागतात.

घ्यायचा का? नोव्हेंबरला बसणार असाल आणि बोलीत लिहिणार असाल तर घ्या, पण आजच घ्या. १ तारखेला नवी कीबोर्ड-मांडणी शिकायला बसलात तर रोजचे १,३३३ होणार नाहीत, पहिल्या आठवड्यात मागे पडाल आणि मग भरून निघत नाही. प्रमाण मराठीत लिहिणार असाल आणि फोनवर हात बसलेला असेल तर हे पैसे वाचवा, त्यात एक चांगली वही आणि घरातल्या मोठ्यांची रेकॉर्डिंगं साठवायला मेमरी कार्ड येईल. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आधीपासूनच असतं, भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, वेगळं काही विकत घेऊ नका. फाइल युनिकोडमध्येच ठेवा, पुढे छपाईवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मागेल तेव्हा बदलून देता येईल.

आणि पॉवरटॉइज की तुटायची वाट न बघता पहिल्याच दिवशी टाका. माझी शीट तयार आहे, आईची अजून दोन रेकॉर्डिंगं उतरवायची राहिलीत, विहिरीचा गाळ काढण्याची आणि छावणीची, ती दिवाळीच्या सुट्टीत होतील.