डबा चावतोय! घरी केलेल्या चॅसिसमधल्या तीन पॉवर सॉकेटचे अकरा महिने

गेल्या श्रावणात तपकीर गल्लीतून तीन प्रकारची पॉवर सॉकेट आणली. कॉम्प्युटरच्या मागे पॉवर कॉर्ड जिथे खुपसतो ना, तेच ते तीन चपट्या पिनांचं. कागदावर त्याचं नाव सी-१४, पण गल्लीत ‘कॉम्प्युटर सॉकेट’ म्हटलं की माणूस न बघता खोक्यात हात घालतो. एक क्लिपवालं, एक स्क्रूवालं आणि त्यात विजेतली खरखर गाळणारा फिल्टर, आणि एक थ्री-इन-वन, म्हणजे सॉकेट, फ्यूज आणि स्विच एकाच तुकड्यात. तिन्ही मी स्वतः केलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यांत बसवली: अनुक्रमे हेडफोनचा अँप (अँप्लिफायर), स्पीकरचा मोठा अँप आणि कामाच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय. रोज वापरात आहेत, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

आधी क्लिपवाल्याबद्दल, कारण त्याच्यावर माझा राग आहे. दिसायला सगळ्यात देखणं. स्क्रू नाहीत, दाबलं की ‘टक्’ करून बसतं. पण ते ‘टक्’ ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठी असतं. माझ्याकडचं दीड मिमीचं होतं आणि पत्रा २ मिमीचा. क्लिपा पलीकडे उघडेचनात. मग आतून कानशीने पत्रा पातळ केला, त्या नादात भोक अर्धा मिमी मोठं झालं. चार महिने बरं चाललं. एकदा घट्ट बसलेली कॉर्ड ओढली, तर कॉर्डबरोबर सॉकेटच हातात आलं! न्यूट्रलच्या वायरीची क्लिप पिनवरून निसटून लोंबत होती. अर्थची वायर मी मुद्दाम सगळ्यात लांब ठेवली होती, त्यामुळे ती शाबूत राहिली. ही सवय लावून घ्या: ओढाताण झालीच तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. कारखान्यात पंचने पाडलेल्या भोकाला क्लिपवालं ठीक, आपल्या हाताच्या भोकाला नाही.

स्क्रूवाल्याला भोक साधारण २७ बाय २० मिमी आणि स्क्रूच्या दोन भोकांत ४० मिमी अंतर. मी पत्र्यावर मास्किंग टेप लावतो, त्यावर आखणी करतो, आतल्या बाजूने ३ मिमीच्या भोकांची रांग पाडतो आणि मधला तुकडा उडवून कानस मारत बसतो. अॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, म्हणून कानशीवर आधी शाळेतला खडू घासायचा. ड्रिल करताना थेंबभर रॉकेल टाकायचे जुने लोक. ते आता मिळत नाही, मी डब्ल्यूडी-४०चा तेलकट स्प्रे मारतो. एका सॉकेटला पाऊण तास लागतो आणि शेजारच्या काकू एकदा तरी बेल वाजवतात. पण स्क्रूवाल्याला दोन्ही बाजूंना कान असतात, भोक थोडं वाकडं झालं तरी त्यांच्याखाली आपलं पाप झाकलं जातं. अकरा महिन्यांत हे तसूभर हललेलं नाही.

थ्री-इन-वनला सुमारे ४७ बाय २७ मिमीची खिडकी लागते, म्हणजे कानसकाम दुप्पट. घेताना एक लक्षात ठेवा: फ्यूज आणि स्विच एका तुकड्यात असले तरी आतून जोडलेले असतीलच असं नाही. माझ्यात नव्हते, छोट्या वायरींनी जोडावे लागले. पहिल्या तुकड्यावर मी सरळ सोल्डरिंग केलं, प्लास्टिक वितळलं आणि पिन डुगडुगायला लागली. दुसऱ्याला वायरींवर ६.३ मिमीच्या क्लिपा क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, वर स्लीव्ह चढवली, ते टिकलंय. फ्यूज मात्र हवाच. आपल्या थ्री-पिन टॉपमध्ये फ्यूज नसतो, आणि घरातला एमसीबी भिंतीतल्या वायरिंगला वाचवतो, तुमच्या ट्रान्सफॉर्मरला नाही. माझा टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, १६० व्हीएचा, पूर्ण लोडला जेमतेम ०.७ अँपिअर घेतो, म्हणून शहाणपणाने १ अँपिअरचा फास्ट फ्यूज घातला. स्विच टाकला की फट्! टोरॉइड चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. टोपीवर ‘टी’ लिहिलेला २ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे क्षणभराचा झटका सोसणारा फ्यूज, घातल्यापासून शांतता आहे.

आता शीर्षकातली गोष्ट. दिवाळीत मोठा अँप आईबाबांकडे सदाशिव पेठेत नेला. इमारत जुनी, वायरिंग त्याहून जुनं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन.

“अरे, तुझा डबा चावतोय.”

“चावतोय म्हणजे?”

“फडकं मारायला गेले तर हाताला मुंग्या आल्या. माझा मिक्सर कधी चावला नाही हो!”

तिला मेन स्विच बंद करून कॉर्ड काढायला सांगितलं आणि कोथरूडहून निघालो. डबा आणि न्यूट्रल यांच्यात मल्टिमीटरने १०८ व्होल्ट दाखवले. मी हादरलो, पण हा आकडाच उत्तर होता. फिल्टरच्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ खरोखर जोडलेली असेल तर त्यांतला चिमूटभर करंट गुपचूप जमिनीत जातो. ती नसेल तर डबा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या जवळपास निम्म्यावर. करंट एक मिलिअँपिअरच्याही खूप आत, त्यामुळे फक्त मुंग्या येतात. पण त्याच घरात आतली फेजची वायर डब्याला टेकली असती, तर मुंग्यांवर निभावलं नसतं.

माझ्या डब्यातली अर्थ पक्की होती, म्हणजे दोष भिंतीत. तिथल्या इलेक्ट्रिशियनने टेस्ट लँप लावला: फेज-न्यूट्रलला लख्ख, फेज-अर्थला अंधार. मीटरच्या खोलीत अर्थची वायर तुटून लोंबत होती, कधीपासून ते इमारतीत कोणालाच ठाऊक नाही. आईचा मिक्सर चावला नाही कारण त्याचं अंग प्लास्टिकचं.

घरी आल्यावर माझे तिन्ही डबे तपासले, तर माझंही पितळ उघडं पडलं. अर्थच्या पिनपासून मागच्या पत्र्यापर्यंत जवळपास शून्य ओहम, पण झाकणापर्यंत मीटर काहीच दाखवेना. अॅल्युमिनियमवर चढवलेला अॅनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही, पावडर कोटिंगही तसंच. आता प्रत्येक डब्यात अर्थचा वेगळा बोल्ट आहे, ट्रान्सफॉर्मर आवळायचा तोच बोल्ट नाही. त्याखाली पत्रा घासून चकचकीत केलेला, दातेरी वॉशर, आणि तिथून झाकणाला वेगळी वायर.

क्लिपवालं काढून हेडफोन अँपलाही साधं स्क्रूवालं बसवलं. फिल्टरवालं मोठ्या अँपमध्ये तसंच आहे, मिक्सर चालू असताना स्पीकरमधून येणारी खरखर त्याने खरंच कमी झाली. पुढच्या डब्याला थ्री-इन-वनच घेईन, फक्त खिडकी भोसरीत लेझरवर कापून आणीन. काकूंनीही तेच सुचवलंय.