बाळ पायाळू आहे : फिरवून पाहावे, सीझरची तारीख घ्यावी, की कळांची वाट पाहावी?

बाळाचे डोके माझ्या उजव्या बरगडीखाली आहे, हे सोनोग्राफीच्या आधी मलाच कळले होते. रात्री डाव्या कुशीवर वळले की सोललेल्या नारळाएवढा एक टणक गोळा हाताला लागे. हलकेच दाबला की तो डुलून पुन्हा जागेवर येई. बाळाला उचकी लागली की तिचे ठोके ओटीपोटात न जाणवता वर, छातीजवळ जाणवत. ३६व्या आठवड्याच्या अहवालात ‘ब्रीच’, म्हणजे पायाळू, हा शब्द आला, तेव्हा आमच्या भागातील नर्सिंग होममध्ये मला एवढेच सांगण्यात आले, की सीझर करावे लागेल, पंचांग पाहून तारीख कळवा. बाळ पोटावरून हाताने फिरवून पाहता येते, ही गोष्ट मला आठ दिवसांनी, दुसरे मत घ्यायला परळला गेले तेव्हा समजली. ते आठ दिवस आजही मनाला लागून राहिले आहेत. म्हणून ज्यांच्या हातात असा अहवाल नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून लिहीत आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करणे बरे. घरातील मोठी माणसे ‘बाळ आडवे आहे’ आणि ‘बाळ पायाळू आहे’ हे एकाच अर्थाने म्हणतात, पण आडवे बाळ वेगळे. ते तसेच राहिले तर योनीमार्गे जन्माला येऊच शकत नाही. पायाळू बाळाचे ढुंगण किंवा पाय खाली आणि डोके वर असते. त्यातही तीन प्रकार आहेत: पाय सरळ तोंडापर्यंत वर गेलेले, मांडी घातल्यासारखे दुमडलेले, आणि एक किंवा दोन्ही पावले खाली उतरलेली. आपले बाळ यांपैकी कसे आहे, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण पुढचा बराचसा निर्णय त्यावर ठरतो. पायाळू माणसाने विजेपासून जपावे, त्याचा पाय लागला की उसण जाते, या समजुती आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्या ऐकून जीव धास्तावतो. त्यात तथ्य नाही. २८व्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांतले एक बाळ असेच असते, बहुतेक जण पुढे आपोआप वळतात आणि दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळे तशी राहतात.

दुसरा गैरसमज जरा नाजूक आहे. ‘डॉक्टर पैशासाठी सीझर सांगतात’ हे वाक्य मुंबईत इतके ऐकू येते, की खरे कारण असले तरी विश्वास बसत नाही. हा संशय अगदीच निराधार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सीझरने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के होते. मात्र पायाळू बाळासाठी सीझर सुचवण्यामागे ठोस वैद्यकीय आधार आहे. डॉक्टरांना जाब विचारायचाच असेल, तर ‘सीझर का?’ असे विचारण्यापेक्षा ‘सीझरच्या आधी बाळ फिरवून का पाहत नाही?’ असे विचारावे.

बाहेरून बाळ फिरवणे

डॉक्टर या उपायाला ईसीव्ही म्हणतात. पहिलटकरणीसाठी तो ३६व्या आठवड्यापासून आणि आधी प्रसूती झालेल्या स्त्रीसाठी ३७व्या आठवड्यापासून करतात. आधी सोनोग्राफी होते आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला जातो. गर्भाशय सैल पडावे म्हणून बहुधा इंजेक्शन देतात. माझी छाती त्याने एवढी धडधडू लागली की मी घाबरले, पण ते अपेक्षितच असते. मग डॉक्टर एका हाताने बाळाचे ढुंगण ओटीपोटातून वर उचलतात, दुसऱ्या हाताने डोके पुढे ढकलतात आणि बाळाला कोलांटीसारखे वळवू पाहतात. हे सारे काही मिनिटांचे काम असते. दुखते. किती दुखते हे प्रत्येकीचे वेगळे असते, पण ‘थांबा’ म्हटले की थांबले पाहिजे, एवढे आधीच ठरवून घ्यावे. नंतर पुन्हा ठोके तपासतात आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन देतात.

यश साधारण निम्म्या वेळा येते. पहिलटकरणीत ते दहात चारच्या आसपास असते, तर आधी प्रसूती झालेल्यांत दहात सहाच्या. माझ्या बाबतीत बाळ अर्धे वळले, आडवे झाले आणि हात सोडताच मूळ जागी परतले. धोका कमी आहे, पण शून्य नाही. सुमारे दोनशे स्त्रियांत एकीला फिरवल्यानंतरच्या २४ तासांत तातडीचे सीझर लागते. त्यामुळे शेजारी शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ तयार असतील तिथेच हे करून घ्यावे. पोट चोळणाऱ्या बाईकडून घरी असा प्रयत्न कधीही करून घेऊ नये, ती कितीही अनुभवी असली तरी. बाळाला पोसणारी वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल, ठोक्यांचा आलेख ठीक नसेल किंवा जुळी असतील, तर ही वाट बंद होते. आधीच्या सीझरमुळे मात्र ती आपोआप बंद होत नाही, त्याबाबत डॉक्टरांशी वेगळे बोलावे.

गुडघ्यांवर टेकून कंबर वर करून बसण्याचे आसन अनेकजणी सुचवतात. त्याने बाळ वळते असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. सोसवत असेल तर हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर आठवडे घालवू नयेत.

ठरवून केलेले सीझर

या वाटेचे सर्वांत मोठे बळ म्हणजे बाळाची सुरक्षितता. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७च्या मार्गदर्शनात दिलेले आकडे असे आहेत: ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सीझरमध्ये जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचे प्रमाण हजारी ०.५, पायाळू बाळाच्या ठरवलेल्या योनीमार्गी प्रसूतीत हजारी २, आणि डोके खाली असलेल्या बाळाच्या नेहमीच्या प्रसूतीत हजारी १. हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी एकदम दिसतात. फरक खरा आहे, आणि तरीही दोन्ही बाजूंना धोका लहानच आहे. ‘नॉर्मलचा हट्ट धरलास तर बाळ जाईल’ असे घाबरवणारे आणि ‘पूर्वी काय सीझर होती का?’ असे विचारणारे, दोघांनाही हेच आकडे दाखवावेत.

पंचांगात मुहूर्त पाहायला माझा विरोध नाही, माझ्या सासूबाईंनीही पाहिला होता. पण मुहूर्तासाठी तारीख ३९व्या आठवड्याच्या अलीकडे ओढू नये, कारण त्याआधी कळांशिवाय काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याचे प्रमाण वाढते. आणखी एक गोष्ट हट्टाने करून घ्यावी: शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी. शेवटच्या दिवसांतही एखादे बाळ वळते आणि मग पोट उघडण्याचे कारणच उरत नाही.

किंमत आईला मोजावी लागते. टाक्यांची दुखणी, बाळाला घेऊन उठताना पोटावर पडणारा ताण, तीन-चार दिवसांचा मुक्काम आणि पुढचे काही आठवडे घरात दुसऱ्या हाताची गरज, हे सगळे भरून येते. जे भरून येत नाही ते गर्भाशयावरचा व्रण. पुढच्या खेपेला योनीमार्गे प्रसूतीचा प्रयत्न केला, तर तो व्रण फाटण्याची शक्यता सुमारे दोनशेत एक असते. दर सीझरगणिक वार व्रणावर चिकटून बसण्याचा धोकाही वाढत जातो, आणि तसे झाले तर रक्तस्राव जीवावर बेतू शकतो. एकच मूल हवे असलेल्या जोडप्याने हा भाग फारसा मनाला लावून घेऊ नये. तीन मुलांचा विचार असेल तर मात्र याच परिच्छेदाला सर्वांत जास्त वजन द्यावे आणि बाळ फिरवण्याचा प्रयत्न चुकवू नये.

योनीमार्गे पायाळू प्रसूती

ही वाट मुंबईत आज सर्वांत अरुंद आहे, आणि त्याला इतिहास आहे. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ देशांतील २,०८८ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ठरवून सीझर केलेल्या गटात बाळ दगावण्याचे किंवा त्याला गंभीर इजा होण्याचे प्रमाण १.६ टक्के होते, तर योनीमार्गे प्रयत्न केलेल्या गटात ५ टक्के. त्यानंतर जगभर पायाळू बाळ म्हणजे सीझर, असेच होऊन बसले. पुढे त्याच चाचणीतील मुलांना दोन वर्षांनी तपासले, तेव्हा मृत्यू व मेंदूच्या वाढीतील अडचणी एकत्र धरल्या तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २००६ साली फ्रान्स आणि बेल्जियममधील आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, निवड काटेकोर असेल आणि हात सरावलेले असतील तर योनीमार्गी प्रसूतीही बरीच सुरक्षित ठरते, असे दिसले. पण मधल्या काळात ते सरावलेले हातच कमी झाले, आणि माझ्या मते आपल्या निर्णयातला हाच कळीचा मुद्दा आहे.

पायाळू प्रसूतीत धड आधी बाहेर येते आणि सर्वांत मोठा भाग, म्हणजे डोके, शेवटी. त्या वेळी नाळ दाबली जाते आणि हाताशी वेळ थोडा असतो. पावले खाली असतील तर पाणी जाताच नाळ खाली सरकण्याचा धोका बराच असतो, म्हणून त्या प्रकारात ही वाट निवडू नये. बाळाचे वजन ३.८ किलोपेक्षा जास्त किंवा फारच कमी असेल, अथवा मान मागे ताणलेली असेल, तरीही नाही. सगळे जुळून आले तरी अशा प्रयत्नांपैकी सुमारे ४० टक्के तातडीच्या सीझरमध्ये संपतात. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारावे: गेल्या वर्षभरात अशा किती प्रसूती तुम्ही स्वतः केल्या, आणि मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर तो अनुभव असलेली व्यक्ती हजर असेल का? उत्तर गुळमुळीत आले तर ही वाट सोडावी.

मात्र कधी कधी ठरवलेल्या तारखेच्या आधीच कळा सुरू होतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळ अगदी खाली आलेले असते. अशा वेळी योनीमार्गे प्रसूती करणेच योग्य ठरू शकते.

मुंबईत राहताना

अंतर हा इथे निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. डोंबिवली किंवा विरारहून परळला यायचे असेल आणि तारीख जुलैत असेल, तर हिंदमाता आणि सायनला पाणी साचल्यावर रुग्णवाहिकेचे काय होते, हे कुणाला सांगायला नको. पावले खाली असलेले बाळ आणि दोन तासांचा रस्ता, हे दोन्ही एकत्र येता कामा नये. निदान शेवटचे पंधरा दिवस तरी रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहावे. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत मी मोडली ती याच कारणासाठी. माहेरच्या गावात रात्री भूलतज्ज्ञ मिळत नव्हता. पाणी गेले आणि नाळ बाहेर आल्यासारखे वाटले, तर गुडघ्यांवर ओणवे होऊन कंबर वर ठेवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

खाजगी नर्सिंग होममध्ये बाळ फिरवण्याची सोय नसेल, तर केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, नायर किंवा कूपर या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, अथवा परळच्या वाडिया प्रसूतिगृहात जाऊन विचारावे. केसपेपरची रांग मोठी असते, सकाळी लवकर जावे आणि जुने सगळे अहवाल सोबत ठेवावेत. सरकारी रुग्णालयांत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सीझरसह प्रसूती मोफत आहे. विम्यावर विसंबणाऱ्यांनी बाळंतपणाचा प्रतीक्षा काळ आणि खोलीभाड्याची मर्यादा आजच वाचून घ्यावी.

माझ्याकडून विचाराल तर क्रम असा: अडचण नसेल तर ३६ किंवा ३७व्या आठवड्यात एकदा फिरवून पाहावे, वळले नाही तर ३९व्या आठवड्याचे सीझर, आणि योनीमार्गी पायाळू प्रसूती फक्त खरोखर अनुभवी हात मिळाले तरच. मी याच क्रमाने गेले. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर, सकाळी सोनोग्राफीत डोके अजून वरच आहे याची खात्री करून, सीझर झाले.

कोणतीही वाट घेतली तरी एक तपासणी राहू देऊ नये. ३६व्या आठवड्यात किंवा नंतर पायाळू असलेल्या प्रत्येक बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी जन्मानंतर सहा आठवड्यांच्या सुमारास करावी, ते पुढे वळले असले किंवा सीझरने जन्मले असले तरीही, कारण अशा बाळांत खुब्याचा सांधा उथळ राहण्याचे प्रमाण जास्त असते. मालिशवाल्या बाईंना बाळाचे पाय ओढून सरळ करू देऊ नये आणि दुपट्यात पाय घट्ट आवळून बांधू नयेत, मांड्या मोकळ्या फाकलेल्या राहू द्याव्यात. आमच्या बाई पहिल्याच दिवशी या सूचनेवर रुसल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच दुपटे कंबरेखाली सैल सोडू लागल्या.