पोझनानहून लूसोवो: गाईडबाईंसाठी जा

पोलंडमधल्या पोझनानमध्ये राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी लूसोवोला जाणं झालं नव्हतं. तळ्याकाठचं गाव, इथून जेमतेम पंधरा किलोमीटर. गेल्या शनिवारी गाईडसकट अर्ध्या दिवसाची सहल घेतली, दोघांचे 300 झ्लोटी. गाडी पस्तीस मिनिटं उशिरा आली आणि कुणी साधा फोनही केला नाही, म्हणून एक स्टार कमी. उरलेले चार गाईडबाईंचे.

जनरल युझेफ दोव्हबोर-मुश्नित्स्की म्हणजे जर्मनांविरुद्धच्या इथल्या 1918-19 च्या उठावाचा सेनापती, एवढंच मला ठाऊक होतं. बाईंनी सुरुवात केली ती झारच्या नोकरीपासून. जन्म 1867 चा, सांदोमिएशजवळ. तो मुलूख तेव्हा रशियाचा. पीटर्सबर्गच्या जनरल स्टाफ अकादमीत कॅथलिक पोलिश लोकांना प्रवेश नव्हता, तर यानं धर्माच्या रकान्यात कॅल्व्हिनपंथी लिहिलं आणि आत शिरला. जपानशी लढला, महायुद्धात लेफ्टनंट जनरल झाला. इतकी वर्षं झारचं मीठ खाल्लेल्या या माणसानं 1917 मध्ये रशियातल्या पोलिश सैनिकांची कोअर, म्हणजे मोठी लष्करी तुकडी, उभी केली आणि जानेवारी 1919 मध्ये इथल्या फौजेची सूत्रं घेतली. मला हे फार मोठं वाटतं.

पण खरी सहल कबरीपाशी. जनरल 1937 मध्ये गेला, त्यामुळे पुढचं त्याला बघावं लागलं नाही. थोरली मुलगी यानिना वैमानिक. 22 एप्रिल 1940 ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, सोव्हिएतांनी तिला रशियातल्या कातिनला मारलं. दोन महिन्यांनी धाकट्या आग्नियेश्काला जर्मनांनी पाल्मिरीच्या जंगलात गोळ्या घातल्या. यानिनाची फक्त कवटी मिळाली, ती 2005 मध्ये इथे पुरली. हे सांगून बाई गप्प झाल्या. पिशवीतून लाल काचेचा दिवा काढला. वाऱ्यानं तीन काड्या विझल्या. चौथीला मी ओंजळीचा आडोसा धरला.

मी कोल्हापूरचा. आजी वळिवड्याच्या पोलंड कॅम्पबद्दल सांगायची. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली जवळपास 5,000 माणसं 1943 ते 1948 तिथं राहिली, बहुतेक बायका-मुलं. हे ऐकल्यावर बाईंनी वही काढली, गावाचं नाव लिहून घेतलं, आणि ‘ळ’ नीट येईपर्यंत माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतला.

बुकिंग करताना गाडीची वेळ ठासून सांगा. दिवा त्या आणतात, काडेपेटी आपली ठेवा.