धरमपेठचं उन्हाळी वादविवाद शिबिर : १८०० रुपये, सहा रविवार, एक बिनपाण्याचा कूलर

नातीला या शिबिरात घालायचं सुनेच्या मनात होतं. नेणं-आणणं माझ्याकडे आलं, कारण रिटायर माणसाला रविवार असतोच असं घरात कोणाला वाटत नाही. वाडीहून धरमपेठ, स्कूटरवर, सकाळी नऊला पोचायचं आणि दीडच्या उन्हात परत. नागपूरचा मे महिना माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. शिबिराचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत त्या सरांना तोंडावर सांगून झाल्या आहेत. ट्रॅफिक पार्कच्या बाजूला मे महिन्यात आणखी किती वादविवाद चालतात ते बघा, म्हणजे सापडेल.

आधी जागा. पहिला मजला, जिना अरुंद, हॉल बरा. चोवीस पोट्टे, आठवी ते दहावीचे. कूलर आहे, पण ताट्या दोन वर्षांत बदललेल्या दिसत नाहीत आणि पाणी भरायचं काम कोणाचं यावर दर रविवारी नवा वाद. पालकांना बसायला मागे पाच खुर्च्या आहेत, त्यातली एक तुटकी. खाली कोपऱ्यावर आलुबोंडा चांगला मिळतो, तर्री मागितली की वेगळे पैसे घेत नाही. शिबिराचा त्यात काही वाटा नाही, तरी गुण देताना मी तो धरला.

शिकवणं मात्र खरंच चांगलं आहे. तरुण सर आहेत, त्यांची एक पद्धत मला फार आवडली. समोरच्याचं खंडन करायच्या आधी त्याचा मुद्दा आपल्या तोंडाने सांगायचा, आणि तोही असा की समोरचा म्हणाला पाहिजे, "हो नं, हेच म्हणत होतो मी." तो असं म्हणेपर्यंत खंडनाचं घड्याळ सुरूच होत नाही. पहिल्या रविवारी एकालाही जमलं नाही. तिसऱ्या रविवारी अर्ध्यांना जमलं. टीव्हीवर रात्री नऊला जे चालतं ते बघून बसलेल्या पोरांना हे तीन आठवड्यांत जमवणं म्हणजे गंमत नाही.

चौथ्या रविवारी विषय लिहिला : "शाळांतला गोळीबार हा मूल्यांचा प्रश्न आहे, राजकारणाचा नाही." माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, हे काय जी, पोरांना झाडं-पर्यावरण असं काही द्यायचं. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. मी चौतीस वर्षं डिफेन्समध्ये होतो, म्हणजे आयुध निर्माणी अंबाझरीत. तोफगोळ्यांची रिकामी कवचं तपासायचं काम. आता ती निर्माणी २०२१ पासून यंत्र इंडिया नावाच्या सरकारी कंपनीत गेली, पण आमच्यासाठी ती डिफेन्सच. दारूगोळ्याची गोष्ट निघाली की माझे कान टवकारतात.

अनुकूल बाजूच्या पोट्ट्याने सुरुवात दणक्यात केली. अमेरिकेत बंदुका कालपासून नाहीत, शस्त्र बाळगण्याची घटनादुरुस्ती १७९१ची आहे. पूर्वी तिथल्या कित्येक हायस्कुलांत रायफल क्लब असायचे, पोरं शाळेत रायफल घेऊन जायची. मग तेव्हा का नाही आणि आता का? घर बदललं, माणूस एकटा पडला. मुद्दा सोपा नाही, आणि प्रतिकूल बाजूच्या मुलीने तो नियमाप्रमाणे नीट सांगितला तेव्हा तोच खुश झाला.

मग तिने घेतलं. स्कॉटलंडमधलं डनब्लेन, मार्च १९९६, प्राथमिक शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. १९९७मध्ये ब्रिटनने हँडगनवर बंदी आणली, आधी हुजूर पक्षाच्या सरकारने मोठ्या बोअरच्या, मग सत्तेत आलेल्या मजूर पक्षाने उरलेल्या छोट्याही. शाळेत तसं हत्याकांड तिथे पुन्हा झालं नाही. इंग्रजांची मूल्यं वर्षभरात सुधारली का? हॉलमध्ये हशा. अमेरिकेत सँडी हुकच्या शाळेत डिसेंबर २०१२मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, चार महिन्यांनी बंदूक विकताना तपासणी वाढवायचं विधेयक सिनेटमध्ये आलं, ५४ मतं पडली, लागत होती ६०. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

आता तक्रार. शिबिराने दिलेल्या छापील टिपणात लिहिलं होतं की १९९९चा कोलंबाइन शाळेतला गोळीबार झाला कारण अमेरिकेत तेव्हा असॉल्ट रायफलींवर बंदी नव्हती. उलटं आहे. ती बंदी १९९४ ते २००४ होती, कोलंबाइन तिच्या मध्यावर घडलं. अनुकूल बाजूसाठी केवढं मोठं हत्यार, आणि पोरांच्या हातात गेलं ते बोथट होऊन. त्याच टिपणात अमेरिकेतला एक पक्ष सरळ खलनायक रंगवलेला. पार्कलंडच्या गोळीबारानंतर २०१८मध्ये फ्लोरिडात बंदूक खरेदीचं वय २१ केलं, तो कायदा रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने झाला, हे त्यात नाही. १८०० रुपये घेता तर दोन पानं कोणाकडून वाचून घ्या. सरांना हे सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. टिपण बदललं नाही.

परत येताना लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलला नात मागून म्हणाली, "आबा, दोन्ही बाजू एवढं बोलल्या, पण बंदूक आली कुठून ते कोणीच नाही विचारलं."

रात्री बसलो दोघं. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा २०१९चा अहवाल सापडला, २००८ ते २०१७मधल्या शाळांतल्या ४१ हल्ल्यांचा. ज्यांत बंदूक वापरली, त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश ठिकाणी ती आईबापाच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली. मिशिगनच्या ऑक्सफर्ड शाळेत २०२१मध्ये चार मुलं गेली. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी पोरासाठी घेतलेलं. २०२४मध्ये आई आणि बाप, दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बेलग्रेडमध्ये २०२३ला १३ वर्षांच्या मुलाने बापाच्या पिस्तुलांनी शाळेत गोळ्या घातल्या. बंदुका तिजोरीत होत्या, पोराला कोड ठाऊक होता, असं तिथल्या गृहमंत्र्यांनी सांगितलं. आणि आपल्याकडे? गुडगाव, २००७, आठवीतल्या दोघांनी वर्गमित्राला मारलं, पिस्तूल एकाच्या बापाचं. बिहारच्या सुपौलमध्ये २०२४ला नर्सरीतला पोरगा दप्तरात पिस्तूल घेऊन शाळेत गेला, तिसरीतला एक जण जखमी झाला.

हे वाचून दाखवताना मी तिला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कोणाला सांगितली नव्हती. भंडाऱ्याकडे माझ्या मामांकडे बारा बोअरची बंदूक होती, लायसन्सची, रानडुकरांसाठी. मामा माळकरी. निवडणूक आली की स्वतः सायकलवर बांधून ठाण्यात जमा करून यायचे, पावती जपून ठेवायचे. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागे. देवाच्या मागे कोण हात घालणार, असा त्यांचा हिशेब. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला ठाऊक होतं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी कपाट उघडलं, बंदूक मांडीवर घेतली, तेलाचा वास येत होता. काडतुसं वेगळ्या डब्यात होती आणि तो डबा मला सापडला नाही. बस, एवढंच. परत ठेवली, करंडा होता तसा लावला. पुढे नोकरीत रोज गेटवर झडती द्यायचो तेव्हा कधी कधी ती दुपार आठवायची.

सहाव्या रविवारी अंतिम फेरी होती, नात प्रतिकूल बाजूला. तिने हे सांगितलं. माझं नाव न घेता, "एका घरात" म्हणून. म्हणाली, "त्या घरात मूल्यं होती, कायदाही पाळला जात होता, आणि किल्ली पोराला माहीत होती. कपाट कसं असावं, किल्ली कोणाकडे असावी, ती सापडली तर कोणाला जाब विचारावा, हे ठरवणं म्हणजे राजकारणच आहे, अध्यक्ष महाराज." मी खाली बघत होतो. बाहेरून बोलावलेल्या परीक्षकांनी गुण कापले. शेरा : "वैयक्तिक किस्सा, दाखला नव्हे." चौथा नंबर आला. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय, दुरुस्तीसाठी दोनदा फोन केला, अजून आलं नाही.

माझे गुण : शिकवणं पाचपैकी साडेचार, टिपणं दीड, कूलर शून्य, आलुबोंडा पाच. दिवाळीच्या सुट्टीत पुढची बॅच आहे, ऊन नसेल, मी तिला पाठवणार आहे.

शेवटी एक फॉर्म भरायला देतात : "शिबिरामुळे पाल्यात कोणता बदल जाणवला?" मी लिहिलं, घरी आल्याबरोबर तिने माझ्या कपाटाची किल्ली कुठे असते ते विचारलं. कपाटात पेन्शनचे कागद आणि आजीची पैठणी आहे. किल्ली देव्हाऱ्यात होती.