एएसव्हीची व्हायल: औषध खणखणीत, बाकी आनंद

वस्तू: सर्पदंशावरचं प्रतिविष, आमच्या दवाखान्याच्या भाषेत एएसव्ही. काचेची छोटी व्हायल, आत पांढरट पूड, सोबत 10 मिली पाणी. वापर: सिंधुदुर्गातलं एक ग्रामीण रुग्णालय, बहुतेक वेळा रात्रपाळी. कंपनीचं नाव सांगत नाही. पुरवठ्यात कधी हिची येते, कधी तिची. आम्हा सिस्टरांना जाणवणारा फरक लेबलापुरताच.

आधी गुण सांगते, कारण ते मोठे आहेत. आमच्याकडे येणारे बरेचसे दंश फुरशाचे. कातळावर गवत कापताना, बागेत पाचोळा ओढताना, रचलेला चिरा उचलताना. फुरसं दिसायला हातभर, पण त्याच्या विषातलं इकॅरिन नावाचं द्रव्य रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका घटकाला, विनाकारण कामाला जुंपतं. रक्त गोठवणारा माल आतल्या आत खर्च होऊन जातो आणि मग हिरड्यांतून, सुईच्या भोकातून, लघवीतून रक्त येत राहतं. अशा माणसाला वेळेत दहा व्हायल गेल्या, की सकाळी तो उठून चहा मागतो. दुसऱ्या कुठल्या औषधाचा असा रोखठोक गुण मी क्वचितच पाहिला.

पूड असण्याचाही फायदा आहे. पातळ एएसव्हीला फ्रिज लागतो; हिला थंड, कोरडी जागा पुरते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळ असते ते सांगायला नको.

आता हातात घेऊन बघू. आमच्याकडे पहिला डोस दहाचा. दहा झाकणं काढा, दहा बुचं स्पिरिटनं पुसा, दहांत पाणी सोडा आणि तळहातात धरून हळूहळू फिरवा. हलवायची नाही. नवीन आलेल्या मुली घाईघाईत सरबताची बाटली हलवावी तशी हलवतात, वर फेसच फेस, आणि तो बसेपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची. काही व्हायल पटकन विरघळतात, काहींत गुठळी तळाशी चिकटून बसते. तेवढ्यात दारातून आवाज येतो, "सिस्टर, अजून सुई कित्याक नाय?" म्हटलं, "ताच करतंय रे बाबा." त्याला बिचाऱ्याला मी नुसतीच बाटल्या चोळत बसलेली दिसते. मग हे सगळं सलाइनमध्ये घालून साधारण तासाभरात ड्रिपनं सोडायचं. पहिला डोस दहाचाच द्यायचा असेल तर दहा व्हायलींची एक बाटली कुणी का काढत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

लहान मुलालाही डोस तेवढाच. पालक घाबरतात, "अर्धंच द्या" म्हणतात. पण सापानं मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं.

बॉक्समध्ये न येणारी, पण जिच्याशिवाय अडतं अशी वस्तू म्हणजे काचेची चाचणीनळी. दोन मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. वाहिलं तर विष चढलंय. नळी कोरडी हवी, काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली नको; प्लास्टिकच्या किंवा साबण लागलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि निरोगी माणसाला व्हायल जातात. डोसनंतर सहा तासांनी पुन्हा हीच चाचणी. यकृताला गोठण्याचे घटक नव्यानं बनवायला तेवढा वेळ लागतोच, त्याआधी तासातासाला बघून उपयोग नाही.

दोष. हे घोड्याच्या रक्तातून बनतं, त्यामुळे अंगावर पित्त उठणं, हुडहुडी भरून ताप येणं, कधी थेट धाप लागणं ठरलेलं. ही रिअॅक्शन आवरणारं अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवल्याशिवाय आमचे डॉक्टर ड्रिप लावू देत नाहीत. आधी कातडीखाली थेंब टोचून अंदाज घेता येतो, हा जुना समज. त्यातून काही कळत नाही.

दुसरं म्हणजे हे औषध चौघांवरच चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. लेबलावर लिहिलेलं असतं की एका मिलीनं नाग आणि घोणसाचं 0.6 मिलीग्रॅम विष निकामी होतं, मण्यार आणि फुरशाचं 0.45. आंबोलीच्या घाटातला चापडा, तोही विषारी साप, या यादीत नाही. शिवाय हे बनवायला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं, 1978 मध्ये सुरू झालेल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवून दिलंय. तिकडच्या विषावर बनवलेलं औषध प्रत्येक जिल्ह्यात सारखं चालेल असं धरून चालणं मला पटत नाही. निदान कुठल्या भागातलं विष वापरलंय, तेवढं बॉक्सवर छापा.

घोणसाच्या बाबतीत मी जास्त बोलणार नाही. तिचं विष मूत्रपिंडावर जातं, आणि उशीर झाला तर व्हायल किती का देईनात, पुढे डायलिसिसच. तो आमच्याकडे नाही, रेफर करतो.

पाचपैकी चार चांदण्या. एक पॅकिंगची कापली. दोरी आवळून, देवळात बसवून, मुळी उगाळून पाजून तीन तासांनी आणलेल्या पेशंटला गुण आला नाही म्हणून औषधाला शिव्या घालणाऱ्यांचं मत मी धरत नाही.

आणि एक विनंती, चावलेलं जनावर डब्यात घालून आणू नका. फोटो असला तर बरं, नसला तरी अडत नाही; चौघांवर व्हायल एकच आहे. एकदा ड्यूटीच्या टेबलावर ठेवलेल्या फरसाणाच्या डब्याचं झाकण सैल निघालं, आणि खुर्च्यांवर चढलेल्यांत डॉक्टर सगळ्यात पुढे होते.